अलास्का क्रूझ : आईबाबांसाठी बाल्कनी रूम घ्यावी की इनसाइडच बरी?

बॉथेलवाली
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा पटकन हवाय, कारण एजंटने रूम गुरुवारपर्यंतच धरून ठेवल्यात. आईबाबा मे महिन्यात पुण्याहून येतायत आणि जूनमध्ये सिएटलहून निघून सिएटललाच परत येणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ करायचं ठरलंय. ज्युनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन आणि परतताना व्हिक्टोरिया. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि आईबाबा, म्हणजे दोन रूम. बाबा ७२, आई ६८, आईचे गुडघे दुखतात त्यामुळे जिने टाळते, बाकी दोघं ठणठणीत आहेत.

आत्ता दोन्ही इनसाइड, म्हणजे बिनखिडकीच्या, रूम धरल्यात. खिडकीवाली हवी तर माणशी १८० डॉलर जास्त, बाल्कनीला माणशी ४५०. लेकीचं तिसऱ्या माणसाचं भाडं सगळीकडे जवळपास सारखंच आहे. म्हणजे दोन्ही बाल्कनी घेतल्या तर १८०० डॉलर वाढतात, रुपयात दीड लाखाच्या वर. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी तिथल्या तिथे गुणाकार केला आणि म्हणाले रूममध्ये झोपायचंच आहे ना, मग झोपेत बाहेरचं काय दिसणार. आई म्हणाली तुम्ही ठरवाल ते. नवऱ्याचं म्हणणं हेच पैसे व्हेल वॉचिंग आणि स्कॅगवेच्या ट्रेनला घालू. मला काहीच ठरवता येत नाहीये. ज्यांनी आईवडिलांना घेऊन ही ट्रिप केलीय त्यांनी प्लीज लिहा.

निळी_छत्री
नवऱ्याशी पूर्ण सहमत. आम्ही इनसाइडमध्ये गेलो होतो आणि अलास्का अगदी पोटभर पाहिलं. एक लक्षात घ्या, ग्लेशियर बेमध्ये जहाज मार्जरी ग्लेशियरसमोर तासभर थांबतं आणि जागच्या जागी हळूहळू वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंना समोरून बर्फ दिसावा म्हणून, आणि तेव्हा सगळ्यात भारी नजारा पुढच्या उघड्या डेकवरून असतो, कारण तिथून डावं उजवं दोन्ही दिसतं. बाल्कनीत बसलात तर अर्धा वेळ तुमची बाजू दुसरीकडे असते. देवमासे तर कुठल्या बाजूला वर येतील त्याचा काही नेम नाही.

शिवाय जूनमध्ये तिकडे पहाटे चारच्या सुमारास उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. इनसाइडमध्ये मिट्ट काळोख, झोप छान लागते, लहान मूल असेल तर फारच सोयीचं. ज्युनोची व्हेल वॉचिंग बोट आणि स्कॅगवेची ती ट्रेन, म्हणजे व्हाइट पासची रेल्वे, ती १८९८ ते १९०० मध्ये सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांसाठी डोंगर फोडून बांधली, ही दोन्ही करा. दोन्हीला मोठ्या माणसाचं तिकीट दीडशे डॉलरच्या आसपास किंवा थोडं वर जातं, पाच जणांचा हिशोब करून बघा, तुमचे पैसे तिथेच लागणार आहेत.

कोथरूडची_सून
मी उलट लिहिणारे. निळी_छत्री, तुमचं सगळं खरं आहे पण ते आपल्या वयाच्या लोकांसाठी खरं आहे. आम्ही सासूसासऱ्यांना नेलं होतं, त्यांच्या रूमला बाल्कनी होती. ग्लेशियर बेच्या दिवशी पुढच्या डेकवर एवढी गर्दी की कठड्याशी जागा मिळवायला लोक आधीपासून उभे, वारं बोचरं, आणि बसायला काही नाही. सासूबाई तिथे पंधरा मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या मी खाली जाते. मग त्या बाल्कनीत स्वेटर, त्यावर शाल, पायांवर बेडवरचं ब्लँकेट, कानटोपी अशा जय्यत तयारीने बसल्या आणि पूर्ण दिवस तिथेच. नॅशनल पार्कचे रेंजर सकाळी छोट्या बोटीने जहाजावर चढतात आणि दिवसभर माईकवर माहिती सांगतात, ती आमच्या जहाजावर रूममधल्या टीव्हीवर पण लागत होती, तर आम्ही टीव्हीचा आवाज वाढवून बाल्कनीचं दार फटीएवढं उघडं ठेवलं.

बर्फाचा एक कडा सुटला तो सासूबाईंनीच आधी पाहिला. कडा सुटताना दिसतो, पाण्यात पडतो, पाणी उसळतं, आणि मग मागाहून तो गडगडाट येतो, कारण जहाज बरंच लांब असतं. पहिल्यांदा त्या दचकल्या, नंतर दर वेळी कडा पडला की हात वर करून सगळ्यांना गप्प करायच्या, आता आवाज येईल म्हणून. त्या दिवसाबद्दल त्या अजून फोनवर सगळ्यांना सांगतात. माझ्या मते आईबाबांना बाल्कनी द्याच.

जहाजी_काका
मी आयुष्यभर मर्चंट नेव्हीत होतो, मालवाहू जहाजांवर, पण समुद्र दोघांना सारखाच. बाल्कनी की इनसाइड याच्या आधी रूम जहाजात कुठे आहे ते बघा. जहाज पुढे-मागे डुलतं तेव्हा सगळ्यात जास्त हेलकावा दोन्ही टोकांना बसतो, आणि डाव्या-उजव्या अंगाला कलतं तेव्हा जितकं वर जाल तितका झोका मोठा. म्हणून मध्यभागी आणि खालच्या डेकवर सगळ्यात कमी जाणवतं. आजकालच्या जहाजांना पाण्याखाली पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात, ते आडवं कलणं बरंच कमी करतात पण पुढे-मागे डुलणं त्यांच्याने थांबत नाही.

सिएटलहून निघणारी जहाजं बरेचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकुव्हर शहरातून सुटणारी आतल्या अरुंद खाडीतून जातात, तिथे पाणी शांत. म्हणजे तुम्हाला जाताना आणि येताना थोडं हलणारच. ७२ वर्षांच्या माणसाला बाराव्या डेकवरच्या टोकाच्या बाल्कनीपेक्षा मधल्या डेकवरची इनसाइड जास्त मानवेल. पण मधोमध बाल्कनी मिळत असेल तर ती सगळ्यात उत्तम, कारण मळमळायला लागलं की गार वारा आणि क्षितिजाची सरळ रेषा याच्यासारखं औषध नाही, आणि इनसाइडमध्ये नेमकं तेच मिळत नाही.

आणखी एक, डेकचा नकाशा उघडून वर आणि खाली काय आहे ते बघा. वर जेवणाचा हॉल किंवा स्विमिंग पूल असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर येतो. खाली थिएटर किंवा बार असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. वर रूम आणि खाली पण रूम अशी जागा निवडा. अगदी पुढच्या टोकाला खालच्या मजल्यावर घेऊ नका, बंदरात लागताना तिथली यंत्रं पलंग हलवतात.

मीठ_आणि_वारा
आम्ही मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझची लक्षद्वीपची ट्रिप केली, इनसाइडमध्ये, काहीही अडलं नाही. रूममध्ये कोण बसतं! सकाळपासून रात्रीपर्यंत खाणं, शो, डेक. ज्यादा पैसे वाया असं माझं प्रामाणिक मत.

कोथरूडची_सून
@मीठ_आणि_वारा, त्या ट्रिपसाठी तुमचं बरोबर आहे, मी पण तेच सांगितलं असतं. कॉर्डेलियाचं ते एम्प्रेस जहाज १९९० चं आहे, तेव्हाच्या जहाजांना बाल्कनी मोजक्याच असायच्या, तिथे बाल्कनी हवी तर मिनी स्वीट, म्हणजे मोठी महागडी रूम, किंवा त्याच्या वर जावं लागतं, भाडं एकदम उडी मारतं. आणि तिथे बाहेर चारही बाजूंना निळं पाणी, बघायचं ते उतरल्यावर. अलास्कात बघायचं ते जहाजावरूनच असतं, डोंगर, धबधबे, तरंगणारे बर्फाचे तुकडे, त्यावर पहुडलेले सील. ग्लेशियर बेमध्ये तर जहाज कुठे लागतच नाही, उतरायचंच नाही, अख्खा दिवस फक्त बघायचं. त्यामुळे दोन्हीची तुलना नको असं मला वाटतं.

निळी_छत्री
मान्य, पण पावसाचं पण बोला. केचिकन ही अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या गावांपैकी एक. जूनमध्ये दिवसा १०-१५ डिग्री, आणि जहाज चालू असताना बाल्कनीत जो वारा येतो त्यात आजी किती वेळ बसणार? वर बऱ्याच जहाजांवर काचा लावलेले लाउंज असतात, पुढच्या बाजूला, उबदार, आरामखुर्च्या, चहा-कॉफी हाताशी. लिफ्टने जायचं, जिने नाहीत. ते फुकट आहे, मग १८०० डॉलर कशाला?

कोथरूडची_सून
लाउंज छानच असतात पण ग्लेशियरच्या दिवशी तिथे खुर्ची मिळवायला कोणीतरी भल्या पहाटे जाऊन बसावं लागतं, आणि ही जहाजं तीनशे मीटरच्या आसपास लांब असतात, रूम ते लिफ्ट, लिफ्ट ते लाउंज, मग बाथरूमला परत रूमवर, गुडघेवाल्या माणसाची एवढ्यातच दमछाक होते. बाल्कनीत बाथरूम चार पावलांवर. वाऱ्याचं म्हणाल तर थंडी वाजली की आत यायचं, काचेच्या दारातून दिसतच राहतं, बेडवर पडून पण दिसतं.

बॉथेलवाली
बापरे, केवढी माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून लगेच नकाशा उघडला, एजंटने दिलेली एक इनसाइड बरोब्बर बुफेच्या खाली निघाली, ती बदलायला सांगते. आता दोन प्रश्न. एक, एजंट म्हणतो "ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू" बाल्कनी माणशी १५० डॉलरने स्वस्त आहे, ती घ्यावी का? दोन, आत्ता इनसाइड घेऊन ठेवायची आणि नंतर अपग्रेडसाठी बोली लावायची असं ऑफिसमधल्या एकाने सुचवलं, कोणी केलंय का?

हिशोबी_माणूस
बोलीबद्दल मी सांगतो, मी हा प्रकार नीट अभ्यासलाय. क्रूझ कंपनी निघायच्या काही आठवडे आधी ईमेल पाठवते, तुम्ही आकडा टाकायचा. तो आकडा माणशी असतो, म्हणजे १५० टाकले तर रूमचे ३०० जातात. बोली मान्य झाली की पैसे लगेच कार्डावरून कापले जातात, परत मिळत नाहीत, आणि रूम कुठली ते कंपनी ठरवते. म्हणजे काकांनी सांगितलेलं मधोमध, वर-खाली रूम हे सगळं पाण्यात. एकटादुकटा तरुण माणूस असेल तर जरूर लावा, स्वस्तात मिळून जातं. पण आईबाबांची रूम तुमच्या रूमच्या शेजारी किंवा समोर हवी असेल तर बोली लावूच नका, त्यांची एकट्याची रूम उचलून तिसऱ्याच टोकाला नेतील. "गॅरंटी" नावाने जी सगळ्यात स्वस्त रूम मिळते तिचं पण तेच, प्रकार पक्का पण नंबर नंतर कळणार.

त्यापेक्षा आत्ता हवी ती रूम नंबरसकट बुक करा आणि फायनल पेमेंटच्या तारखेपर्यंत, ती साधारण तीन महिने आधी असते, दर आठवड्याला भाव बघत राहा. भाव उतरला तर एजंटला फोन करून नवा भाव लावून घ्यायचा. तारीख उलटली की सहसा काही करता येत नाही. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या टिपचं, पण विचारून घ्या, बहुतेक कंपन्यांत इनसाइड, खिडकी आणि साधी बाल्कनी यांना सारखी असते, मिनी स्वीटपासून वाढते, आणि ती माणशी रोजची असते.

जहाजी_काका
ऑब्स्ट्रक्टेड म्हणजे समोर लाइफबोट टांगलेली असते. कुठे बोट अगदी खाली असते आणि वरून सगळं दिसतं, कुठे तोंडासमोर नारिंगी छप्पर. त्या जहाजाच्या त्याच रूम नंबरचा फोटो इंटरनेटवर शोधा, बऱ्याच लोकांनी टाकलेले असतात. फोटो मिळाला आणि पाणी दिसत असेल तर घ्या, ती रूम सहसा मधल्या खालच्या डेकवर असते, म्हणजे हलणं कमी. फोटो मिळाला नाही तर सोडून द्या.

बे_एरिया_आई
दोन्ही रूम सारख्याच घ्यायला हव्यात असं कोणी सांगितलंय? आम्ही आईबाबांना बाल्कनी घेतली आणि आम्ही मुलांसकट बरोब्बर समोर, कॉरिडॉरच्या पलीकडे इनसाइड घेतली. अशा जोड्या मुद्दाम मिळतात, नकाशात बघून नंबर सांगायचे. त्यांच्या रूमची एक जादा की गेस्ट सर्व्हिसेसला मागून घेतली, बहुतेक जहाजांवर देतात. सकाळी आम्ही उठून त्यांच्याकडे जायचो, दिवसभर बाल्कनी सगळ्यांची, रात्री आम्ही आमच्या काळोख्या रूममध्ये. खर्च निम्मा.

लहान मूल असताना तर मला हेच बरं वाटलं. बाल्कनीचा कठडा छातीएवढा असतो, दाराला वर कडी पण असते, पण मूल खुर्चीवर चढलं तर? रात्री मूल माझ्या रूममध्ये आणि माझ्या रूमला बाल्कनीच नाही, डोक्याला ताप नाही. तिघांत इनसाइड लहान पडते हे खरं, तिसरा पलंग छतातून खाली येतो, पण तुमच्या लेकीला तीच मजा वाटेल.

थोडं अवांतर, घरून किटली नेऊ नका, जहाजावर गरम करायच्या वस्तू चालत नाहीत, तपासणीत काढून घेतात. आईंना पहाटे चहा लागत असेल तर रूम सर्व्हिसला कसा मिळतो ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. आणि ग्लेशियरच्या दिवशी काही जहाजांवर डेकवर वाटाण्याचं गरम सूप वाटतात, आईबाबा शाकाहारी असतील तर आधी विचारा, त्यात बहुतेक हॅम असतं.

निळी_छत्री
@बे_एरिया_आई, हे मला पटलं. एक बाल्कनी, एक इनसाइड आणि वाचलेल्या ९०० मध्ये व्हेल वॉचिंग. माझा विरोध दोन बाल्कनींना होता.

ठाण्याची_मावशी
मी या धाग्यावरच्या बहुतेक सगळ्यांच्या आईच्या वयाची आहे म्हणून लिहिते. माझ्या मुलाने मला अशाच ट्रिपला नेलं होतं, इनसाइड रूम होती, ट्रिप सुंदर झाली आणि मी त्याला काही म्हटलं नाही कारण म्हणण्यासारखं काही नव्हतंच, पण तुम्ही विचारताय म्हणून सांगते.

आम्हाला म्हाताऱ्यांना पहाटे जाग येते. इनसाइडमध्ये डोळे उघडले की रात्र आहे की सकाळ काहीच कळत नाही, घड्याळ चाचपडायचं, दिवा लावावा तर यांची झोप मोडेल, मग मी बाथरूमचा दिवा लावून दार किंचित उघडं ठेवायचे. मुलं आठला उठणार. तोवर एकटीने वर जावं तर कुठली लिफ्ट, कुठलं दार, परत येताना सगळे कॉरिडॉर सारखे, मग मी बसून राहायचे. दिवसा पण बाहेर बघायचं म्हणजे कोणाला तरी म्हणावं लागायचं, चल रे मला वर घेऊन. मुलगा न कुरकुरता न्यायचा, पण सारखं सारखं म्हणायला आपल्यालाच नको वाटतं.

बाल्कनी म्हणजे कोणाला न विचारता दार उघडून समुद्र बघता येणं. स्तोत्र म्हणावं, नुसतं बसावं, जाणाऱ्या डोंगराकडे बघावं. आमच्यासाठी त्या पैशांत हे मिळतं, फोटोतला नजारा नाही.

आणि बॉथेलवाली, बाळा, "तुम्ही ठरवाल ते" याचा अर्थ तुझ्या आईला नको आहे असा घेऊ नकोस. बाबा शेजारी असताना विचारू नकोस, आणि किंमत सांगून तर मुळीच विचारू नकोस, आम्ही किंमत ऐकली की नाहीच म्हणतो. पहाटे उठून तिथे तुला काय करायला आवडेल एवढंच विचार.

कोथरूडची_सून
मावशी, किती नेमकं लिहिलंत. +१००

हिशोबी_माणूस
मावशींना अनुमोदन. मी आकड्यांचा माणूस आहे पण हा मुद्दा कुठल्याच आकड्यात बसत नाही. फक्त त्यासाठी दोन बाल्कनी लागत नाहीत, एक पुरते.

बॉथेलवाली
काल रात्री, म्हणजे तिकडे सकाळी, आईला एकटीला फोन केला. मावशींनी सांगितलं तसंच विचारलं. आई म्हणाली, "जहाजावर सूर्य उगवताना दिसतो का गं? कन्याकुमारीला ढग होते, दिसला नव्हता." मी एवढंच म्हटलं की दिसेल, पण फार लवकर उठावं लागेल. म्हणाली, "मी उठलेलीच असते."

तर ठरलं. आईबाबांना सातव्या डेकवर अगदी मधोमध बाल्कनी, वर-खाली दोन्हीकडे रूमच आहेत, आणि आम्ही तिघं समोरच्या इनसाइडमध्ये. ऑब्स्ट्रक्टेडचा फोटो सापडला पण त्यात अर्धं छप्पर दिसत होतं म्हणून पूर्ण बाल्कनीच घेतेय. ९०० डॉलर वाढले. नवरा खूश कारण व्हेल वॉचिंग पक्कं झालं. ट्रेनला आईबाबा आणि मी जाणार, लेक आणि तिचा बाबा स्कॅगवेत फिरतील. बाबांना सांगितलंय की आजूबाजूच्या रूम हव्या होत्या आणि अशीच जोडी मिळत होती, जे खरंच आहे.

एक शेवटचं, एजंटने जाता जाता कॅनडाच्या व्हिसाचं काहीतरी सांगितलं. अलास्का तर अमेरिकेतच आहे ना? आईबाबांकडे भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा आहे.

हिशोबी_माणूस
लागतो, लागतो! बरं झालं विचारलंत. ही जहाजं अमेरिकेत नोंदलेली नसतात, आणि १८८६ च्या एका कायद्यामुळे अशा जहाजाला अमेरिकेतल्या बंदरातून प्रवासी घेऊन तिथेच परत सोडायचं असेल तर मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून तुमच्या यादीत कॅनडातलं व्हिक्टोरिया आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांना तिथे कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा हवा, जहाजावरून उतरायचं नसलं तरी क्रूझ कंपनी सिएटलला चढतानाच बघते आणि नसेल तर चढू देत नाही. बायोमेट्रिक्स द्यावे लागतात, त्यामुळे आईबाबांचा अर्ज ते निघायच्या आधी पुण्यातूनच आजच्या आज सुरू करा. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना तेही बघा.

तुम्ही दोघं ग्रीन कार्डवर असाल तर कार्ड आणि चालू पासपोर्ट पुरतो, एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असाल तर तुम्हालाही कॅनडाचा व्हिसा लागेल. बुकिंग करताना एजंटला विचारा की व्हिसा नाही आला तर कुठल्या तारखेपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात. ती तारीख बघूनच डिपॉझिट भरा.

बॉथेलवाली
आम्ही दोघं एच-वन-बीवर, म्हणजे चार अर्ज, लेक इथलीच नागरिक आहे. बाबांना आत्ताच मेसेज टाकला, फोटो आणि बँक स्टेटमेंट काढायला निघाले पण. एजंटला उद्या सकाळी फोन करते, रद्द करायची तारीख कळली की इथे लिहिते.